उंबराचं फूल आणि कपाशीवरची मुंगी

बांधावरचे प्रश्न : वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जाड आहे. पावसानं उघडीप दिली की लोक शेतात जातात, शेतात गेले की काहीतरी दिसतं, आणि दिसलं की मला लिहितात. माझी हरकत एवढीच, की दहातल्या आठ पत्रांचा शेवट एकाच वाक्यानं होतो : ‘हा किडा चांगला की वाईट?’ चोपड्याला ३१ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, तेव्हाही पोरं हेच विचारायची. शेतीच्या माहितीपत्रकांनी तर मित्रकीड आणि शत्रूकीड अशा दोन याद्याच करून ठेवल्यात. मुंगी कुठल्या यादीत घालायची ते मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणून आज मुंगी दोनदा येणार आहे.

प्रश्न : माझा नातू चौथीत आहे. बांधावरच्या उंबराचं पिकायला आलेलं फळ त्यानं फोडलं, तर आत बारीक किडे वळवळत होते. ‘आबा, फळाला भोक कुठंच नाही, मग हे आत गेले कसे?’ मी म्हटलं, देवानं घातले. त्याला काही ते पटलं नाही. खरं काय? आणि असं उंबर खाल्लं तर चालतं का?
— एक आजोबा, अमळनेर तालुका

उत्तर : आबा, आधी शेवटचं सांगते. चालतं. आम्ही लहानपणी उंबर फोडायचो, फुंकर मारायचो आणि खायचो. फुंकरीनं जे उडालं ते उडालं, राहिलं ते पोटात. काही झालं नाही.

आता नातवाचं. फार दिवसांनी कुणी घरी आलं की आपण म्हणतो, ‘काय हो, उंबराचं फूल झालात!’ उंबराला फूल दिसत नाही म्हणून ही म्हण. खरं तर ज्याला आपण उंबराचं कच्चं फळ म्हणतो, तीच फुलं. शेकडो बारीक फुलं एका गोल पिशवीत आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. पिशवीच्या टोकाला एक चिमुकलं छिद्र असतं, तेही खवल्यांनी झाकलेलं. वारा आत जात नाही, मधमाशी जात नाही. मग परागकण पोचवायचे कुणी?

त्यासाठी एक माशी आहे. चिलटाएवढी, पण कुळानं गांधीलमाशीची. तिला आपण उंबरमाशी म्हणू. योग्य अवस्थेतल्या कच्च्या उंबराचा वास तिला लांबून येतो. ती त्या छिद्रातून आत घुसते, आणि वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तिथंच तुटून पडतात. म्हणजे परतीचं तिकीट नाही. आत गेल्यावर ती अंगावरच्या खिशांतून आणलेले पराग फुलांवर टाकते, आखूड दांड्याच्या फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. ज्या फुलांत अंडं पडलं तिथं गाठ होऊन माशी वाढते. ज्यांत पडलं नाही तिथं बी धरतं. झाडानं आपल्या बियांतला वाटा माशीच्या पोरांना दिला, आणि त्याच्या बदल्यात उरलेल्या बिया पदरात पाडून घेतल्या.

काही आठवड्यांनी आत आधी नर जन्मतात. त्यांना पंख नसतातच. गाठीतून अजून बाहेरही न पडलेल्या माद्यांशी त्यांचा संग होतो, मग ते सगळे मिळून उंबराच्या सालीला बोगदा पाडतात आणि संपतात. आयुष्यात त्यांनी उजेड पाहिला तर त्या बोगद्याच्या तोंडाशी, तेवढाच. तोवर आतली नर-फुलं उमललेली असतात. माद्या पराग भरून घेतात, बोगद्यातून बाहेर पडतात, आणि हाती असलेल्या एक-दोन दिवसांत दुसरं झाड गाठतात. तुमच्या नातवानं फळ फोडलं ते हा बोगदा पडण्याच्या आधी. किडे आत गेलेच नव्हते, ते आतच जन्मले होते. आत गेली होती त्यांची आई.

त्याला एक करायला सांगा. असंच पिकायला आलेलं, पण भोक न पडलेलं उंबर काचेच्या ग्लासात ठेवायचं, वर चहाच्या गाळणीचं फडकं रबरानं बांधायचं. सकाळपर्यंत फडक्याच्या आतल्या बाजूला माश्या चिकटलेल्या दिसल्या तर तो तुम्हाला उठवायला येईलच.

पुढची गंमत त्याला नाही, तुम्हाला सांगते. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी तयार होतात. मग बाहेर पडलेल्या माशीनं अंडी घालायची कुठं? दुसऱ्या झाडावर, जिथं त्या वेळी कच्ची उंबरं लागलेली असतील. म्हणून शिवारात उंबरं मागंपुढं फळणारी, आणि बऱ्यापैकी संख्येनं लागतात. वाऱ्यावर बसून माशी कित्येक किलोमीटर जाते, पण जायला कुठंतरी झाड हवं ना. या मागंपुढं फळण्याचा फायदा तांबट, बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळं उचलतात. वैशाखात आपल्याकडं पारा पंचेचाळिशीला जातो, सगळं रान वाळलेलं असतं, तेव्हाही कुठंतरी एखादं उंबर लगडलेलं सापडतं. दत्ताचं झाड म्हणून लोक त्याला कुऱ्हाड लावत नाहीत, हे त्या पाखरांचं नशीब.

आणि हो, या व्यवहारात चोरही आहेत. दुसऱ्या जातीच्या काही माश्या आत शिरतच नाहीत. बाहेर बसूनच लांब सुईसारखा अवयव उंबरात खुपसतात आणि आयत्या घरात अंडी घालतात. पराग आणायचं नाव नाही. असल्या एका माशीच्या सुईच्या टोकाला चक्क जस्त असतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. पण सुई टोचायला वेळ लागतो, आणि उंबर लागतं खोडालाच, जिथून मुंग्यांची ये-जा चालू असते. बाहेर सुई खुपसून बसलेली माशी मुंगीच्या तावडीत आयती सापडते. खरी उंबरमाशी झटकन आत शिरते म्हणून बऱ्याचदा वाचते. म्हणजे उंबरावर मुंगी ही झाडाची राखणदार झाली. हे लक्षात ठेवून पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : माझ्या दोन एकर कपाशीवर मुंग्यांच्या रांगा आहेत. पानं आकसलीत, खालून चिकट लागतात. दुकानदार म्हणतो मुंग्या पानाचा रस खातात, हे औषध मारा. मारू का?
— कापूस उत्पादक, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, थांबा. पंप खाली ठेवा आणि एक पान उलटं करा.

मीही गेल्या आठवड्यात आमच्या भावाच्या कपाशीत हेच केलं. दहा रुपयांच्या भिंगातून. पानाच्या पाठीवर हिरवट-पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, खच्चून बसलेला होता, सोंड पानात रुतवून. एक काळी मुंगी आली. तिनं आपल्या मिशांनी एका माव्याच्या पाठीवर टकटक केलं, म्हशीच्या सडाला हात लावावा तसं. माव्याच्या मागच्या टोकाला एक थेंब फुगला, मुंगीनं तो चाटला आणि ती पुढच्या माव्याकडं गेली. तुम्हाला जो चिकटा लागतो तो हाच. मावा रस पितो, त्यातली जास्तीची साखर बाहेर टाकतो. मुंगी पानाचा रस खात नाही, ती माव्याची धार काढते.

आता धार काढायची तर गोठा राखायला हवा. थोड्या वेळानं त्याच पानावर एक लाल ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, उतरला. हा किडा दिवसाला पन्नासेक मावा सहज खातो. मुंगीनं त्याच्या पायाला असा चावा घेतला की तो पाय पोटात ओढून पेंगुळल्यासारखा बसून राहिला आणि मग उडाला. हे पाहिलं की वाटतं, दुकानदार बरोबर आहे, मुंगी शत्रूच.

पण तेच पान आणखी निरखून बघा. मधल्या शिरेवर, खालच्या बाजूला, एक बारीकसा खळगा दिसेल. ती कपाशीची मधग्रंथी. फुलात नाही, पानावर. झाड तिथून गोड पाणी पाझरतं आणि मुंग्यांना बोलावतं. मुंगी त्या गोडाच्या मागं झाडभर फिरते, आणि फिरता फिरता बोंडअळीची अंडी आणि बारीक अळ्या उचलून नेते. म्हणजे कपाशीनं स्वतःच्या पगारावर ठेवलेली राखणदार माव्याकडंही चाकरी करते. दोन्हीकडून खाते. आपल्या गावात असे लोक नाहीत का?

तेव्हा मुंगीला मारून काय साधेल ते सांगते. औषधानं मावा मरतो, मुंगी मरते, ढालकिडाही मरतो. पण माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडीही घालावी लागत नाहीत. ती सरळ पिल्लं जन्माला घालते आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं घालू लागतात. ढालकिड्याला अंडं, अळी, कोष असं सगळं उरकून उभं राहायला तीनेक आठवडे लागतात. फवारणीनंतर आधी कोण परत येणार, हे तुम्हीच बोटांवर मोजा.

त्यापेक्षा पानामागं आणखी दोन गोष्टी शोधा. एक, करड्या रंगाची, पाठीवर नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी. तीच ढालकिड्याची अळी, आणि ती मोठ्यांहूनही जास्त खादाड. लोक तिलाच कीड समजून औषध मारतात, माझ्या भावानंही एकदा मारलंय. दुसरी, माव्याच्या गर्दीत फुगलेला, तपकिरी, हरभऱ्याच्या टरफलासारखा कडक झालेला मावा. त्याच्या पाठीवर कंपासनं काढावं तसं गोल भोक असलं तर समजा, आत एक परोपजीवी माशी वाढून बाहेर पडून गेली. या दोन गोष्टी बऱ्यापैकी दिसत असतील तर चार दिवस हात आवरा आणि पुन्हा मोजा. दिसतच नसतील आणि शेंडे गोळा होत चालले असतील, तर कृषी खात्याच्या माणसाला दाखवून मग ठरवा. पुढच्या वर्षी कडेनं चवळीच्या दोन ओळी टाका. चवळीवर आधी मावा येतो, त्यामागं ढालकिडे येतात, आणि कपाशीला गरज पडेल तेव्हा ते शेजारीच असतात.

प्रश्न : आम्हाला अधिवास आणि निश यातला फरक दोन गुणांना आहे. पुस्तकातली व्याख्या पाठ होते, पण समजत नाही. दोन प्राण्यांची निश एकच असू शकत नाही म्हणतात, ते का?
— अकरावीची विद्यार्थिनी, शहादा

उत्तर : शहाद्याची मुलगी आणि हा प्रश्न! बाळ, तुझ्या तालुक्याचं नाव पक्षीशास्त्रात एका पक्ष्यासाठी नोंदलं गेलंय, आणि तुझं उत्तर त्याच्यातच आहे.

तुझ्या गल्लीतल्या बाभळीवर संध्याकाळी चिरकणारा पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, तू पाहिला असशील. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. माणसाच्या वस्तीला तो सरावलेला आहे, पडक्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत राहतो, कातरवेळी आणि रात्री शिकार करतो. त्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. डोकं जवळजवळ कोरं, पाय जाड, नख्या मोठ्या. तो राहतो सातपुड्याच्या सागाच्या रानात आणि शिकार करतो भरदिवसा, सरडे नि उंदीर. यावलच्या बाजूला सकाळी दहाच्या उन्हात वाळक्या फांदीवर बसून शेपटी झटकताना मी तो पाहिलाय. घुबडाच्या जातीनं इतक्या उजेडात असं बसावं, हे बघून मलाच चुकल्यासारखं झालं होतं.

त्याची कथा थोडक्यात. १८७३ मध्ये ॲलन ह्यूमनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हेच ह्यूम पुढं काँग्रेसच्या स्थापनेत होते. १८८४ नंतर पक्षी कुणाला दिसला नाही. रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं सांगितलं, पण तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, चिठ्ठी तेवढी नवी. शोधणारे त्या चिठ्ठीमागं भलतीकडं फिरत राहिले. ही लबाडी अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरून माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळच्या पायथ्याला तो दिसला. ११३ वर्षांनी.

आता तुझे दोन गुण. सागाचं रान हा रानपिंगळ्याचा अधिवास. आणि तो काय खातो, किती वाजता खातो, कुठल्या जाडीच्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, त्याला कोण खातं, हे सगळं मिळून त्याची निश. आपल्या गावात एकाच नळावर दोन गल्ल्या पाणी भरतात ना? एकीची पाळी पहाटे, एकीची दुपारी. नळ तोच. दोन्ही गल्ल्यांची पाळी एकाच वेळी आली आणि पाणी तेवढंच असलं, की महिन्याभरात एक गल्ली टँकर मागवू लागते. रशियातल्या गॉज नावाच्या शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये हेच प्रयोगातून मांडलं. पॅरामेशियम या एकपेशी जिवाच्या दोन जाती एका नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या तर एक संपली. दुसऱ्या एका जोडीत मात्र एक वर चरत होती, एक तळाशी, तर दोघी टिकल्या. परीक्षेत गॉज लिही, पण मनात नळ ठेव.

प्रश्न : माझ्या केळीच्या मृगबागेत सीएमव्ही (हरण्या रोग) आला. दीड हजार खोडं उपटली. शेजाऱ्यानं बांधाला लागून काकडी लावली होती, त्यामुळंच झालं असं सगळे म्हणतात. तो म्हणतो, माझ्या काकडीला काही झालेलं नाही, तुझ्या केळीचा रोग तुझ्याकडं. कोण खरं?
— केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, दीड हजार खोडं उपटणं म्हणजे काय ते केळीवाल्यालाच कळतं. तुमच्या भांडणात पंच व्हायची माझी इच्छा नाही, पण जे घडतं ते सांगते.

आपण ज्याला हरण्या रोग म्हणतो त्याचं नावच कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे काकडीवरून पडलेलं. तो हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींत राहतो. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, आणि बांधावरचा केनासुद्धा. विषाणूला पाय नाहीत. त्याला नेतो मावा, बहुतेक वेळा तोच, जो वरच्या पत्रात कपाशीवर बसलाय. आणि इथं एक विचित्र गोष्ट आहे : या माव्याला केळी आवडत नाही. तो उडत येतो, केळीच्या पानात सोंड खुपसून चव घेतो, ‘नको’ म्हणतो आणि पुढच्या खोडावर जातो. तिथं पुन्हा चव. विषाणू उचलायला आणि सोडायला त्याला मिनिटही पुरतं. केळीवर तो वस्तीला राहिला असता तर एकाच खोडावर बसला असता. राहत नाही म्हणून तर बागभर फिरतो.

त्यामुळं केळीवर कीटकनाशक मारून रोग थांबत नाही. औषध लागून मरण्याआधी मावा चव घेऊन मोकळा झालेला असतो. ढगाळ, गार दिवस लांबले की हे सगळं वाढतं. पोंगा, म्हणजे शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, पिवळा पडून कुजायला लागला, पानावर पिवळे पट्टे उठले की ते खोड कंदासकट काढून बागेबाहेर पुरायचं, हे तुम्ही केलंतच. उरलं ते केना-तण काढणं, आणि दोघांनी मिळून बागेच्या आत-बाजूला वेलवर्गीय पिकं न लावणं. बेणं किंवा टिश्यू कल्चरची रोपं कुठून आणली तेही बघा, कारण रोग रोपातूनही येतो. शेजाऱ्याच्या काकडीत विषाणू असूनही ती हिरवीगार दिसू शकते, म्हणून तो खोटं बोलत नसेल. तुम्हीही नाही. दोघांनी एकदा बांधावर बसून केना उपटा, बोलणं आपोआप होईल.

प्रश्न : गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे म्हणे मिळतात. ते सोडले तर गवत कायमचं जाईल का? गेल्या मे महिन्यात सोडले होते, काहीच झालं नाही.
— एक सरपंच, धुळे तालुका

उत्तर : कायमचं जाणार नाही. भुंगेऱ्यांनी सगळं गवत संपवलं तर त्यांचीच उपासमार होईल. गवत कमी झालं की भुंगेरे कमी होतात, मग गवत पुन्हा डोकं काढतं. १९८४ मध्ये बंगळुरूला हे भुंगेरे पहिल्यांदा सोडले, तेव्हापासून ही चढउतार चालूच आहे. ते फुलोऱ्याआधी पानं खातात, त्यामुळं बी कमी पडतं. एवढं झालं तरी पुष्कळ.

मे महिन्याचं म्हणाल तर आमच्या कॉलेजातही एका संस्थेनं भर मे महिन्यात डबे वाटले होते. भाषण झालं, फोटो झाले, पोरांनी टाळ्या वाजवून भुंगेरे मैदानात सोडले. मैदानात गाजरगवताचा एक ओला पालाही नव्हता, सगळं वाळून कोळ झालेलं. तिसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशींनी कवचं गोळा करून मला दाखवली, ‘बाई, तुमचे पाहुणे.’ हे भुंगेरे उन्हाळ्यात जमिनीत शिरून झोपतात, त्यांना त्या वेळी उघड्यावर सोडणं म्हणजे मारणंच.

आता भाद्रपद चालू आहे. डबा मागवायच्या आधी गावठाणातल्या गाजरगवताची पानं बघा. जाळीसारखी खाल्लेली असतील आणि वर पांढरट अंगावर काळ्या नागमोडी रेघांचे भुंगेरे बसलेले असतील, तर ते आधीच आलेत. त्यातलेच शे-दीडशे बरणीत भरून गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडा. खर्च शून्य.